घरच्या मैदानावर १-९ हरले आणि तरी लीग जिंकली? न्यूकॅसल विरुद्ध संडरलंड, १९०८

कॉर्नरफ्लॅग_स्नेहा:

मंडळी, जुन्या इंग्लिश फुटबॉलची माहिती असणारं इथे कोणी असेल तर प्लीज सांगा. काल रात्री पहिल्या महायुद्धाच्या आधीची फर्स्ट डिव्हिजनची (म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या लीगची) टेबलं चाळत होते आणि १९०८-०९ च्या सीझनला येऊन अडकले. ५ डिसेंबर १९०८, शनिवार, सेंट जेम्स पार्क, न्यूकॅसल १ संडरलंड ९. घरच्या मैदानावर, डर्बीत (म्हणजे शेजारच्या टीमशी असलेल्या मॅचमध्ये), स्वतःच्या लोकांसमोर नऊ गोल खाल्ले. आणि त्याच सीझनच्या शेवटी टेबलमध्ये एक नंबरला कोण, तर न्यूकॅसलच, तेही काठावर नाही तर दुसऱ्या नंबरच्या एव्हर्टनपेक्षा ७ पॉइंट पुढे. संडरलंड तिसरे.

माझ्या डोक्यात हे बसतच नाहीये. आजच्या काळात एखादी टीम घरी नऊ गोल खाऊन हरली तर सोमवारपर्यंत मॅनेजर जातो, प्लेअर महिनाभर तोंड लपवून फिरतात. मग ही टीम सावरली कशी? आणि त्या दिवशी मैदानात नक्की झालं काय? कोणाला रेड कार्डसारखं काही मिळालं होतं, की कोणाला मोठी दुखापत झाली होती, की संडरलंड खरंच एवढे भारी होते?

जुनी_स्कोअरशीट:

स्नेहाताई, या मॅचचं आपल्याकडे कोणी नावच काढत नाही, त्यामुळे प्रश्न बघून फार बरं वाटलं.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की हाफटाइमला स्कोअर १-१ होता. संडरलंडच्या बिली हॉगने सुरुवातीलाच गोल मारला, मग हाफटाइमच्या तोंडावर न्यूकॅसलला हँडबॉलची पेनल्टी मिळाली आणि नुकताच बोल्टनहून आलेल्या अल्बर्ट शेफर्डने ती मारली. ती पेनल्टी संडरलंडच्या प्लेअर्सना अजिबात पटलेली नव्हती आणि ते चिडूनच आत गेले असं सांगतात. तोपर्यंत ही बरोबरीची डर्बी होती, ५० हजारांच्या वर पब्लिक होतं, कुठल्याही बाजूला जाऊ शकली असती.

सेकंड हाफमध्ये मात्र जे झालं त्याला तोड नाही. अर्ध्या तासाच्या आत, साधारण २८ मिनिटांत, आठ गोल. आठ! हॉगचे एकूण तीन, जॉर्ज हॉलीचे तीन, लेफ्ट विंगवरच्या आर्थर ब्रिजेटचे दोन आणि जॅकी मॉर्ड्यूचा एक. आणि समोर कोण होतं बघा, १९०५ आणि १९०७ ची लीग जिंकलेली टीम, १९०५, १९०६ आणि १९०८ अशा तीन एफए कप (लीगपेक्षा वेगळी, नॉकआउट स्पर्धा) फायनल खेळलेली टीम. त्या काळात देशात न्यूकॅसलपेक्षा चांगलं पासिंग कोणाचंच नव्हतं असं मला तरी वाटतं. म्हणजे आडव्यातिडव्या टीमला कोणी नऊ मारले नाहीत, सगळ्यात चांगल्या टीमला मारले, आणि म्हणूनच एवढ्या वर्षांनीही मी ही मॅच इंग्लिश फुटबॉलमधला सगळ्यात मोठा अवे विजय मानतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. उत्तर टेबलमध्येच आहे, फक्त जरा गणित करायला लागतं. न्यूकॅसलने त्या सीझनमध्ये ३८ मॅच खेळल्या, २४ जिंकल्या, ५ ड्रॉ, ९ हरल्या, गोल ६५ मारले आणि ४१ खाल्ले. त्या ४१ मधले ९ या एका दुपारचे. ते बाजूला काढा, उरल्या ३७ मॅच आणि खाल्लेले गोल ३२, म्हणजे मॅचमागे एक सुद्धा नाही. त्या काळातल्या ढोरमेहनतीच्या चिखलातल्या फुटबॉलमध्ये हा आकडा फार मोठा आहे. डिफेन्स भक्कमच होता, त्या दिवशी अर्धा तास कोसळला आणि पुन्हा उभा राहिला. आणि लीगचा हिशोब असा की ०-१ हरा नाहीतर १-९ हरा, जातात तेवढेच दोन पॉइंट (तेव्हा जिंकल्याला दोनच पॉइंट मिळायचे, तीनचा नियम १९८१ ला आला). नऊ गोलांचा फटका गोल ॲव्हरेजला (मारलेले भागिले खाल्लेले गोल, पॉइंट सारखे असतील तेव्हा बघायचे) बसतो, पण सात पॉइंट पुढे असलेल्याला गोल ॲव्हरेजची गरजच पडली नाही.

वेअरकाठचा_मराठी:

मी काही वर्षं झाली संडरलंडमध्ये राहतोय, त्यामुळे मी कुठल्या बाजूने बोलणार हे आधीच सांगून टाकतो.

स्कोअरशीट दादा, तुमचं गणित बरोबर आहे पण त्या गणितात ही मॅच हळूहळू न्यूकॅसलचीच गोष्ट होऊन जाते, की बघा किती ग्रेट टीम, एवढं होऊनही चॅम्पियन. असं करू नका. हा संडरलंडचा विजय आहे आणि तो जिंकणारे लोक कोण होते हे पण सांगायला पाहिजे ना. दोन्ही शहरांत अंतर किती, जेमतेम वीस किलोमीटर, एक टाइन नदीवर एक वेअर नदीवर, दोन्हीकडे कोळसा आणि जहाजबांधणी, आणि वैर एवढं की १९०१ च्या गुड फ्रायडेला याच सेंट जेम्स पार्कवर मैदानात मावणार नाही एवढी गर्दी घुसली, मॅच सुरूच होऊ शकली नाही आणि दंगल झाली. अशा ठिकाणी जाऊन नऊ मारायचे म्हणजे काय ते विचार करा.

हॉली हा इथलाच, सीहॅम हार्बरचा, संडरलंडपासून अगदी जवळ. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. मला त्या दिवसाचा हिरो तोच वाटतो, कारण हॉगने एक गोल पहिल्या हाफमध्ये मारून ठेवला होता, पण हॉलीचे तीनही गोल त्या वादळातले, १-१ असताना जे दार उघडलं ते त्यानेच. आणि गंमत बघा, सेंटर फॉरवर्डला आर्थर ब्राउन होता, त्याला त्याच उन्हाळ्यात शेफिल्ड युनायटेडकडून १६०० पौंडांना आणलं होतं, तेव्हाचा जागतिक विक्रम होता तो, आणि नऊ गोल झाले त्यात त्याचा एकही नाही. बाकीच्या चौघांनीच वाटून घेतले.

गोलकीपर होता ली रिचमंड रूझ, वेल्सचा, ॲमॅच्युअर म्हणून खेळायचा. तेव्हाच्या नियमात गोलकीपरला स्वतःच्या अर्ध्या भागात कुठेही हात लावता यायचा, फक्त बॉल हातात घेऊन पळता यायचं नाही, म्हणून हा बॉल आपटत आपटत पार हाफवे लाइनपर्यंत जायचा आणि तिथून अटॅक सुरू करायचा. शेवटी १९१२ मध्ये नियम बदलला आणि गोलकीपरचे हात पेनल्टी एरियात बांधले गेले, त्याला एक कारण रूझ होता असं मानतात. महायुद्धात तो साधा सैनिक म्हणून गेला, मिलिटरी मेडल मिळवलं आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये फ्रान्समध्ये सॉमच्या लढाईत मारला गेला. मृतदेह सापडला नाही. तिथल्याच थिएपव्हालच्या युद्धस्मारकावर नाव कोरलं तेही चुकीच्या स्पेलिंगने, त्यामुळे कित्येक वर्षं तो तिथे आहे हे लोकांना कळतही नव्हतं. मला ही गोष्ट वाचल्यापासून त्या नऊ गोलांइतकाच दुसऱ्या टोकाला उभा असलेला तो माणूस आठवतो.

पेठेतला_लेफ्ट_आउट:

मी कोल्हापूरचा, त्यामुळे डर्बी हरल्यावर काय होतं ते मला विचारा. शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीची टीम शेजारच्या पेठेकडून हरली की आठवडाभर त्या गल्लीतून जायला नको वाटतं, आणि ते एखाद्या गोलने. नऊ म्हणजे विचारच करवत नाही राव.

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. तेव्हा ऑफसाइडचा नियम आजच्यापेक्षा फार कडक होता, अटॅकरला पुढे पास देताना त्याच्या आणि गोलच्या मध्ये विरुद्ध टीमचे तीन प्लेअर पाहिजेत, दोन नाही, नाहीतर ऑफसाइड. दोनचा नियम १९२५ ला आला, आणि तो यायला सगळ्यात जास्त कारणीभूत कोण मानतात तर न्यूकॅसलचाच फुलबॅक बिल मॅक्रॅकन, एवढा तो ऑफसाइड ट्रॅपमध्ये (ऐन वेळी पुढे सरकून अटॅकरला ऑफसाइड पकडण्यात) तरबेज होता. म्हणजे तेव्हा एका मॅचमध्ये तीन गोल मारणं सुद्धा कष्टाचं काम होतं. आज नऊ गोल होतात तेव्हा बहुतेक वेळा रेड कार्ड असतं, दमलेला डिफेन्स असतो. त्या नियमात अर्ध्या तासात आठ मारायचे म्हणजे पाचही फॉरवर्डना एकाच वेळी सगळं जमून आलं पाहिजे. मी तर म्हणतो तेव्हाचे नऊ हे आजचे बारा-तेरा समजा.

आणि स्कोअरशीट काका म्हणतात डिफेन्स कोसळला, मला ते पूर्ण पटत नाही. १-१ वरून २-१, ३-१ झाल्यावर घरची टीम डर्बीत मागे बसत नाही हो, पब्लिक बसू देत नाही. ते बरोबरीसाठी पुढे पुढे गेले असणार आणि मागे ब्रिजेट आणि मॉर्ड्यूसारख्या विंगरना मोकळं रान मिळालं असणार. हा माझा अंदाज आहे, पण फुटबॉल खेळलेल्या कोणालाही विचारा.

कॉर्नरफ्लॅग_स्नेहा:

खूप खूप थँक्यू सगळ्यांना, विशेषतः रूझबद्दल वाचून अंगावर काटा आला. अजून दोन गोष्टी विचारते. हा अवे विजयाचा रेकॉर्ड पुढे कोणी मोडला का? आणि एवढा मार खाल्लेल्या टीमने नंतर त्याच टीमला परत कधी हरवलं का, म्हणजे बदला वगैरे?

जुनी_स्कोअरशीट:

पूर्ण लीगमध्ये बघितलं तर त्याहून मोठा आधीच झालेला होता, १० डिसेंबर १८९२ ला सेकंड डिव्हिजनमध्ये शेफिल्ड युनायटेडने पोर्ट व्हेलला त्यांच्या घरी १०-० हरवलं होतं, लीगमध्ये अवे टीमने दोन आकडी गोल मारलेत ते तेव्हाच. टॉप डिव्हिजनमध्ये मात्र संडरलंडचं ९-१ दीर्घकाळ टिकलं. ३ सप्टेंबर १९५५ ला वुल्व्ह्जने कार्डिफला निनियन पार्कवर ९-१ हरवून बरोबरी केली, स्टॅन कलिस मॅनेजर असलेली टीम, जॉनी हॅनकॉक्स आणि रॉय स्विनबर्न दोघांच्या हॅटट्रिक. मोडला तो एकदम २५ ऑक्टोबर २०१९ ला, लेस्टरने साउथॅम्प्टनला त्यांच्या मैदानावर ९-० मारले, त्यात बाराव्या मिनिटालाच साउथॅम्प्टनचा एक प्लेअर रेड कार्डने बाहेर होता, पेठेतले दादा म्हणतात तसंच.

बदल्याचं विचारलंत ते फार इंटरेस्टिंग आहे. कार्डिफने त्याच सीझनमध्ये ३१ डिसेंबरला वुल्व्ह्जच्या मॉलिन्यूवर जाऊन २-० ने मॅच काढली. साउथॅम्प्टन जानेवारी २०२० मध्ये लेस्टरला गेले आणि २-१ जिंकून आले. आणि न्यूकॅसलला तर फार थांबावं पण लागलं नाही, मार्च १९०९ मध्ये एफए कपच्या चौथ्या फेरीत, म्हणजे तेव्हाच्या क्वार्टर फायनलमध्ये, पुन्हा संडरलंडच समोर आले. पहिली मॅच सेंट जेम्स पार्कवर २-२. बरोबरीमुळे रिप्ले, म्हणजे पुन्हा मॅच, संडरलंडच्या घरी, रोकर पार्कला, आणि तिथे न्यूकॅसल ३-० जिंकले.

वेअरकाठचा_मराठी:

आणि पुढे सेमीफायनलला मँचेस्टर युनायटेडकडून हरून बाहेर गेले, तेही लिहा की दादा.