अनुभव धागा: नोकरीचा ताण घरी येतो तेव्हा कोण उभं राहतं?

घरातल्या कुरबुरी आपण सहज स्वभावावर ढकलतो. मला त्यात कामाच्या वेळा आणि आधाराचा अभाव जास्त दिसतो. ग्रीनहाउस आणि ब्युटेल या संशोधकांनी १९८५ मध्ये नोकरी आणि घर यांच्यातल्या ओढाताणीचे तीन प्रकार मांडले: वेळेची, ताणाची आणि वागण्याची. तुमच्याकडे काय घडलं, सविस्तर लिहा.

– मी नर्स आहे. रात्रपाळीची सवय होते, पण ऐनवेळी बदललेली पाळी घर विस्कटून टाकते. मुलाला कोण आणणार, सासूबाईंची औषधं कोण देणार, सगळं पुन्हा ठरवायचं. नवीन वरिष्ठ आल्या आणि महिन्याचं वेळापत्रक आधीच हातात मिळू लागलं. तास तेवढेच, पगार तोच. तरी घरातली चिडचिड ओसरली. ते कागद बघून नवऱ्याने माझ्या रात्रपाळीच्या सगळ्या संध्याकाळी स्वतःकडे घेतल्या. आता त्याला काही सांगावं लागत नाही, आणि माझ्यासाठी हीच सर्वांत मोठी विश्रांती आहे.

– वागण्याच्या ओढाताणीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो. वडील कारखान्यात सुपरवायझर होते. तिथे लागणारा हुकमी आवाज घरीही तसाच यायचा. आम्ही भावंडं गप्प व्हायचो, आई मध्ये पडायची.

– माझी नोकरी गेली तेव्हा धीर देणारे फोन खूप आले, बरंही वाटलं. पण घर चालू राहिलं ते शेजारच्या काकू मुलांना शाळेतून आणायच्या म्हणून, आणि जुन्या सहकाऱ्याने कुठे जागा आहेत ते कळवलं म्हणून. समाजशास्त्रज्ञ जेम्स हाउस यांनी १९८१ मध्ये आधाराचे चार प्रकार सांगितले: भावनिक, प्रत्यक्ष मदतीचा, माहितीचा आणि आपलं कुठे बरोबर, कुठे चुकतंय ते कळवणारा. मदत करताना समोरच्याला यातलं काय हवंय, ते कृपया विचारा.

– अगदी खरं. आई अंथरुणाला खिळली आहे. सल्ले पुरेसे मिळालेत. कुणी तासभर तिच्याजवळ बसलं तर मला झोपता येईल.

– ताई, लांब राहणाऱ्या भावंडांनाही काम वाटून द्या. माझा भाऊ परगावी असतो. बाबांच्या विम्याची कागदपत्रं, डॉक्टरांच्या वेळा, बिलं हे सगळं तो तिथून सांभाळतो. मी फक्त बाबांना घेऊन जाते.