रॉ छायाचित्रांची निवड: कॅमेऱ्यातले जेपेग पाहावे की प्रत्यक्ष रॉ?

पाणलावा

पक्षिचित्रण करणाऱ्यांच्या कार्डात एका सकाळीच हजारभर रॉ फायली (सेन्सरवरची कच्ची, प्रक्रिया न झालेली नोंद) सहज जमतात, कारण सेकंदाला वीस चित्रे टिपणारे कॅमेरे आता हौशी मंडळींच्या हातीही आले आहेत. त्यांतली पन्नास-साठ राखून बाकीच्यांना निरोप द्यायचा, हे संपादनाच्या आधीचे काम. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे असे कोणी विचारले की हटकून फोटो मेकॅनिकचे नाव पुढे येते. त्याच्या वेगाबद्दल दुमत नाही. पण निसर्गचित्रणासाठी ही शिफारस चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा वेग येतो कुठून, ते आधी पाहू. रॉ फाईलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतःच तयार केलेले एक जेपेग असते आणि फोटो मेकॅनिक, रॉ उलगडण्याच्या फंदात न पडता, तेच पडद्यावर आणते. हे जेपेग आठ बिटांचे, म्हणजे रॉपेक्षा कमी छटांचे, असते आणि त्यावर पिक्चर स्टाइल, कॉन्ट्रास्ट, व्हाइट बॅलन्स असे सगळे संस्कार आधीच झालेले असतात. भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यावर सकाळच्या उन्हात पंख पसरलेला रोहित (फ्लेमिंगो) घ्या. पंखावरचा लाल-गुलाबी पट्टा जेपेगमध्ये पिसांच्या रेघा हरवून सपाट डागासारखा दिसतो, कारण व्हाइट बॅलन्स साधताना लाल चॅनेल (चित्रातला लाल रंगाचा हिस्सा) गुणकाने वाढवलेला असतो आणि त्यावर पुन्हा उजेड-अंधाराचे प्रमाण बदलणारा टोन कर्व्ह चढवलेला असतो. मूळ रॉमध्ये मात्र तोच चॅनेल काठाच्या, म्हणजे तपशील हरवतो त्या कमाल मर्यादेच्या, बराच अलीकडे थांबलेला असू शकतो. जेपेग पाहून निवडणारा ‘जळाली’ म्हणत ती फ्रेम उडवून मोकळा होतो.

लिबरॉ कंपनीचे फास्टरॉव्ह्यूअर रॉ स्वतः उलगडते, हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) थेट रॉमधल्या आकड्यांवरून काढते आणि कोणत्या चॅनेलचे किती टक्के बिंदू ओसंडले तेही सांगते. किंमतही फोटो मेकॅनिकच्या तुलनेत फारच कमी आहे.

मंगलाष्टक

पाणलावा, आपला मुद्दा शास्त्रशुद्ध असला तरी तो तुमच्या पाणथळीपुरता खरा आहे. लग्नाचे काम करणाऱ्याला लाल चॅनेल किती टक्के ओसंडला याच्याशी फारसे देणेघेणे नसते. वीस माणसांच्या कुटुंबचित्राच्या सहा फ्रेम असतात; एकीत आजींचे डोळे मिटलेले, दुसरीत नवरदेव भलतीकडे पाहतो आहे, तिसरीत कोणा काकांचा हात नवरीच्या मुंडावळ्यांवरून आडवा गेलेला. यांतली कोणती ठेवायची हे ठरवायला जेपेग पुरेसे असते, मात्र पुढची फ्रेम कळ दाबताक्षणी समोर यायला हवी. रॉ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, यंत्र जुने असल्यास, दर चित्रामागे होणारा अर्धा-पाऊण सेकंदाचा विलंब दोन कॅमेऱ्यांच्या चार हजार फायलींना लावून पाहा, म्हणजे हिशोब कळेल.

वृत्तछायाचित्रकारांना तर याहून वेगळे काही लागते. मैदानावरून चित्र पाठवताना प्रत्येक फ्रेमला आयपीटीसी मथळा (वृत्तसंस्थांच्या ठरलेल्या साच्यातली, फाईलमध्येच साठवलेली माहिती) जोडावा लागतो, आणि फोटो मेकॅनिकमध्ये खेळाडूचा क्रमांक लिहिला की त्याचे पूर्ण नाव आपोआप उमटेल, अशी संक्षेपांची यादी आधीच भरून ठेवता येते. वानखेडेच्या सीमारेषेवर बसलेल्या माणसाला रॉ हिस्टोग्राम दाखवून पाहा!

पाणलावा

मथळ्यांच्या बाबतीत फोटो मेकॅनिकला तोड नाही, हे मान्य. पण वेगाचा दावा करताना आपण एक गोष्ट सोडून दिलीत. पोटातले जेपेग प्रत्येक कॅमेऱ्यात पूर्ण आकाराचे नसते. सोनीच्या अनेक मॉडेलांमध्ये ते केवळ १६१६ × १०८० बिंदूंचे असते. अशी फाईल शंभर टक्क्यांवर मोठी करून खंड्याच्या डोळ्यावर फोकस आहे की चोचीच्या टोकावर, हे कसे ठरवणार? लहान चित्र ताणून दाखवले की सगळ्याच फ्रेम सारख्याच मऊ दिसतात, आणि मग निवड अंदाजाने होते. तुमच्या कुटुंबचित्रातही मागच्या रांगेतले चेहरे धारदार आहेत का, हा प्रश्न उरतोच.

मंगलाष्टक

त्यावर साधा उपाय म्हणजे रॉसोबत पूर्ण आकाराचे जेपेगही कार्डावर घ्यावे. जागा थोडी अधिक जाते, पण कार्डे आता तितकी महाग राहिलेली नाहीत.

गोदाकाठ

आपण दोघेही एक गोष्ट गृहीत धरून चालला आहात, ती म्हणजे निवडीसाठी वेगळे सॉफ्टवेअर हवेच. ते का? ॲडोबीच्या लाइटरूम क्लासिक या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१७ पासून आयात करताना पोटातली जेपेग वापरून निवड करण्याची सोय चांगली सुधारली आहे, आणि ज्याचे संपादन शेवटी तिथेच होणार त्याने फायली दोन दारांतून का फिरवाव्यात?

दोन दारांची खरी अडचण रंगीत लेबलांमध्ये दिसते. एक्सएमपी साइडकारमध्ये (रॉशेजारी ठेवलेल्या, तारे-लेबले नोंदवणाऱ्या छोट्या फाईलमध्ये) लेबल रंग म्हणून साठवले जात नाही, तर शब्द म्हणून साठवले जाते. ॲडोबी ब्रिज या फायली चाळण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मुळात लाल लेबलाचे नाव ‘सिलेक्ट’ असते आणि लाइटरूममध्ये ‘रेड’. त्यामुळे ब्रिजमध्ये लाल केलेली फ्रेम लाइटरूममध्ये लाल दिसत नाही, तिच्यावर नुसते पांढरे लेबल येते. एकाच कंपनीच्या दोन सॉफ्टवेअरांची ही तऱ्हा, तर परक्यांचे काय सांगावे? दोन्हीकडे नावांचे संच जुळवून घेता येतात हे खरे. मात्र हे ठाऊक नसलेला माणूस निवड पुसली गेली असे समजून पुन्हा पहिल्यापासून बसतो.

पाणलावा

लेबलांचे म्हणणे बरोबर आहे, म्हणूनच मी केवळ तारे वापरतो. ते एक ते पाच असे आकडेच असल्याने सगळीकडे सारखेच वाचले जातात. परंतु लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये (चित्रांच्या नोंदवहीत) आधी सगळे ओतायचे आणि नंतर नऊशे पन्नास फायली काढायच्या, ही पद्धत मला उलटी वाटते. नको असलेले घरात यावेच कशाला?

टक्स

विंडोज आणि मॅक यांच्यापलीकडेही जग आहे, म्हणून थोडे लिहितो. लिनक्सवर गीकी हे मुक्त सॉफ्टवेअर पोटातले जेपेग झपाट्याने दाखवते आणि संपादनासाठी डार्कटेबल आहे, ज्याच्या लाइटटेबल या चित्रे चाळण्याच्या भागात दोन-चार फ्रेम शेजारी ठेवून एकत्र मोठ्या करून पाहण्याची स्वतंत्र रीत आहे. साइडकारच्या नावाकडे मात्र लक्ष ठेवावे. ॲडोबीची सॉफ्टवेअरे मूळ नावापुढे थेट एक्सएमपी जोडतात, तर डार्कटेबल फाईलचे मूळ विस्तारनाम कायम ठेवून त्यापुढे एक्सएमपी लावते. एका फोल्डरवर दोघे काम करू लागले की प्रत्येक चित्रामागे दोन साइडकार तयार होतात आणि नंतर दिलेले तारे एकाच फाईलमध्ये जातात. यातून सुटका हवी असेल तर निवड आणि संपादन दोन्ही डार्कटेबलमध्येच करावे, म्हणजे गोदाकाठ म्हणतात तेच, फक्त बिनपैशात.

मंगलाष्टक

मिटलेले डोळे आणि हललेल्या फ्रेम यंत्राने ओळखून बाजूला काढणारी सॉफ्टवेअरे आता लग्नाच्या व्यवसायात रुळली आहेत. या वादात त्यांचे नाव कोणीच कसे घेतले नाही?

पाणलावा

कारण खंड्या पाण्यात सूर मारताना पंख हललेलेच हवे असतात आणि अशा सॉफ्टवेअरच्या लेखी ती फ्रेम बाद ठरण्याचा धोका असतो. तुमच्या आजींसाठी जरूर वापरा. परंतु त्याने बाजूला काढलेल्या फायली रॉ हिस्टोग्रामसह एकदा चाळल्याखेरीज कायमच्या पुसू नयेत, एवढा आग्रह मी धरीन.

मंगलाष्टक

चाळायच्याच असतील तर यंत्राला काम देऊन उपयोग काय? मी त्या डिलिव्हरी होईपर्यंत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि नंतर न पाहता पुसतो.