मदत हवी आहे: आजीचं गोंदण चालतं, माझा टॅटू का नाही?

दहा दिवसांपूर्वी डेक्कनला मनगटावर तुळशीचा टॅटू काढून घेतला. बोटभरच, काळ्या शाईत. आजीच्या हातावर हेच गोंदलेलं होतं, त्यावरूनच डिझाइन दिलं. आईनं दोन दिवस अबोला धरला, मग स्वतःच विचारलं, "दुखतंय का गं?" तो विषय संपला.

खरी अडचण आत्याची. सदाशिव पेठेत राहते, म्हणजे मत विचारावं लागत नाही. "आता रक्तदान कायमचं बंद!" रक्तदानासाठी टॅटूनंतर फक्त १२ महिने थांबायचं असतं, हे सांगितलं तर म्हणे मीच उलट बोलते. आजीच्या गोंदणाचं नाव काढलं की "ते वेगळं." कसं वेगळं? सुई दोन्हीकडे तीच ना!

पुढच्या महिन्यात आतेभावाचं लग्न आहे, अख्खं गोत जमणार. लांब बाह्यांचा ब्लाउज शिवू की सरळ मिरवू? आत्या गप्प बसेल पण रुसणार नाही, असं उत्तर कुणाकडे आहे का? आणि तोवर खपली गेली असेल, तर टॅटूवरून मेंदी चालते का? काळी मेंदी नकोच, त्यातल्या पीपीडी या रसायनानं मैत्रिणीच्या हातावर फोड आले होते.