मेंढ्यांचे वजन दर वेळी वेगळे भरते; नोंद कोणत्या आकड्याची ठेवावी?

माझ्याकडे सुमारे 60 मेंढ्यांचा कळप आहे. कोकरांची वाढ नीट होते आहे की नाही हे कळावे म्हणून गेले चार महिने मी दर आठवड्याला त्यांच्या वजनाची नोंद ठेवत आहे. त्यासाठी लोडसेलचा काटा आणि त्यावर बसवलेला लोखंडी पिंजरा वापरतो. अडचण अशी की एखादे कोकरू एका आठवड्यात दोन किलोने वाढलेले दिसते आणि पुढच्या आठवड्यात तेच अर्ध्या किलोने उतरलेले दिसते. वास्तविक ते आजारी नसते आणि खातेपितेही व्यवस्थित.

काट्यातच दोष असेल म्हणून आधी तो तपासला. 20 किलोचे प्रमाणित वजन चारही कोपऱ्यांत आळीपाळीने ठेवून पाहिले, तेव्हा एका कोपऱ्यात 700 ग्रॅम कमी भरले. फळी उचलल्यावर तिच्याखाली लेंड्या आणि माती थापून घट्ट बसलेली आढळली आणि फळी त्या थरावर टेकत होती. तो थर खरवडून काढल्यावर चारही कोपरे सारखे दाखवू लागले. आता दर दहा जनावरांनंतर पिंजरा झाडून काटा शून्यावर आणतो. तरीही आकड्यांतील चढउतार पूर्णपणे थांबलेला नाही.

मग एकच मेंढी दिवसातून दोनदा तोलली. सकाळी चरायला सोडण्यापूर्वी ती 38.6 किलो भरली आणि चरून, पाणी पिऊन संध्याकाळी परतल्यावर 42.1 किलो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटातील चारा आणि पाणी यांचेच वजन अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक असू शकते हे ठाऊक होते, पण त्याचा एवढा परिणाम प्रत्यक्ष कधी पाहिला नव्हता. कोकरू दिवसाला 150 ग्रॅमने वाढत असेल तर आठवड्याची वाढ जेमतेम एक किलो होते, आणि पोट भरलेले की रिकामे यामुळे पडणारा फरक तेवढाच किंवा त्याहून मोठा असू शकतो. त्यामुळे दर आठवड्याला तोलण्यात अर्थ आहे, की तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवणेच योग्य ठरेल?

दुसरा प्रश्न उपाशी ठेवण्याविषयी आहे. कोकरांना रात्रभर चाऱ्याविना ठेवून सकाळी तोलणे शक्य आहे, परंतु विण्याच्या जवळ आलेल्या मेंढ्यांना, विशेषतः पोटात जुळे असलेल्यांना, उपाशी ठेवणे जिवावर बेतू शकते, म्हणून त्यांच्या बाबतीत मी ते करणार नाही. अशा मेंढ्या रोज ठरावीक वेळी, चरायला सोडण्यापूर्वी तोलल्या तर ते आकडे आपापसात तुलना करण्याजोगे राहतात का? शिवाय त्यांच्या वाढत्या वजनात गर्भाचा आणि गर्भजलाचा वाटा बराच असतो, त्यामुळे कमरेच्या मणक्यांवर हात ठेवून 1 ते 5 असे अंगस्थितीचे गुण देणेच त्यांच्यासाठी अधिक भरवशाचे आहे, असे माझे मत बनत चालले आहे. अनुभवी मंडळी काय करतात?

टेपही वापरून पाहिला. छातीच्या घेराचा वर्ग गुणिले खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये, भागिले 10,840, म्हणजे किलोतील अंदाज. पण घेर 80 ऐवजी 82 धरला गेला तर 70 सेंमी लांबीच्या मेंढीचे वजन 41.3 वरून 43.4 किलोवर जाते, आणि लोकर वाढलेली असताना टेप किती आवळावा हेच ठरत नाही. त्यामुळे टेपवर माझा विश्वास बसलेला नाही. लोकर भिजलेली असेल तर काट्यावरही वजन जास्त भरते, म्हणून पावसानंतर तोलणे मी बंद केले आहे.

मला अचूकपणा मुख्यतः जंतनाशकासाठी हवा आहे. मात्रा कमी पडली की औषधाला दाद न देणारे जंत मागे उरतात आणि पुढे तेच वाढत जातात. सध्या वयाप्रमाणे गट करून प्रत्येक गटातील सर्वांत जड जनावराच्या वजनाने मात्रा ठरवतो. गटात वजनाचा फरक फार असेल तर हलक्या कोकरांना औषध जास्त होईल अशी भीती वाटते. गट किती किलोच्या अंतराने पाडावेत?

शेवटचे विचारायचे ते पिंजऱ्याबद्दल. मेंढी आत उसळत असताना पडद्यावरील अंक 39 आणि 44 यांच्यामध्ये नाचत राहतो. माझ्या काट्यात सरासरी काढून अंक गोठवण्याची सोय नाही. तोंडावर फडके टाकल्याने किंवा समोर दुसरी मेंढी दिसेल असे उभे केल्याने ती शांत राहते का, हे कोणी करून पाहिले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.