ताब्याची नोटीस दारावर लागली, ठरलेलं गिऱ्हाईक फिरलं. घर वाचेल का?

जळगावची गृहिणी

राम राम मंडळी. पिंप्राळ्यात आमचं छोटं रो-हाऊस आहे. हे एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात होते. तो बंद पडला आणि हप्ते थकले. बाकी २१ लाख ४० हजारांवर गेलीय, घराला भाव मिळतोय साडेसतरा लाख. बँकेचे साहेब म्हणाले होते, "गिऱ्हाईक आणा, साडेसतरात खातं मिटवू." यावलचे एक केळीवाले तयार झाले, लाखभर बयाणाही दिला. पण त्यांचं कर्ज मंजूर झालं नाही आणि साहेबांनी दिलेली मुदत टळली. आता केळीवाले बयाणा परत मागताहेत, तो तर हप्त्यात गेला.

बारा दिवसांपूर्वी बँकेची माणसं आली. दारावरच्या शुभ-लाभच्या पट्टीवरच त्यांनी नोटीस चिकटवली, फोटो काढला आणि गेली. सासूबाईंना वाचता येत नाही. त्या विचारत होत्या, "लाईटबिल दाराला का लावलं?" मी काहीच बोलले नाही. घर सोडावं लागेल का?

भुसावळकर आप्पा

ताई, बँकेच्या वसुली खात्यात नऊ वर्षं काढलीत, म्हणून सांगतो. ही २००२ च्या सरफेसी कायद्यातली, म्हणजे थकलेल्या कर्जासाठी गहाण घर ताब्यात घेऊन विकायच्या कायद्यातली नोटीस. ताबा अजून कागदावरच आहे. जबरदस्तीने घर रिकामं करायचं तर बँकेला जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. सामान हलवू नका, किल्ली देऊ नका, कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नको.

ताब्यापासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, कलम १७ खाली अर्ज करता येतो. तुमचे ३३ उरलेत. आधीची, ६० दिवसांत बाकी भरा म्हणणारी नोटीस हाती आली होती का? तिला लेखी हरकत दिली होती का? हरकत दिली असेल तर १५ दिवसांत उत्तर देणं बँकेला भाग असतं. दिलं नसेल तर वकिलाला तेच आधी सांगा.

आणि लोक नेमके कुठे फसतात ते ऐका. लिलावाच्या दिवसापर्यंत वेळ आहे असं धरून बसतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तसं राहिलं नाही. लिलावाची जाहिरात छापून येण्याआधी सगळी बाकी भरली तरच घर सोडवण्याचा हक्क टिकतो. माझ्यासमोर एक माणूस जाहिरातीनंतर पूर्ण रक्कम घेऊन आला होता. त्याला परत पाठवावं लागलं, ते अजून डोळ्यासमोर आहे.

दुसरं गिऱ्हाईक शोधाच, पण ६० दिवसांच्या नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही. साहेबांच्या तोंडी शब्दावर पुन्हा बयाणा घेऊ नका. तडजोडीचा नवा अर्ज द्या, पोच घ्या. मंजुरीच्या पत्रात रक्कम आणि मुदत तर हवीच, शिवाय उरलेले ३ लाख ९० हजार माफ, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. ते नसेल तर घर जाऊनही बाकी मानगुटीवर राहते. लिलावातही तेच, कमी आले तर बाकी तुमच्याकडे मागतात. जास्त आले तर वरचे पैसे मात्र तुमचे.

अमळनेरची लेक

ताई, आम्ही यातून गेलोय. दुसऱ्या वेळी आम्ही मंजुरीपत्र हातात असलेलंच गिऱ्हाईक धरलं. त्याच्या बँकेने पैसे थेट आमच्या कर्जखात्यात भरले, मधे कुणाचा हात नाही. सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, मात्र 'सेटल्ड' (तडजोडीने मिटलं) लागलं, त्यानंतर नवं कर्ज मिळायला फार त्रास झाला. पण घरात झोप लागायला लागली.

कर्जावर तुमचंही नाव असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. केळीवाल्यांना टाळू नका, बयाणा हप्त्याने फेडायचं लिहून द्या.

जळगावची गृहिणी

आप्पा, ताई, कर्जावर माझंही नाव आहे. ६० दिवसांची नोटीस आली होती, यांनी ती घाबरून गादीखाली ठेवली होती. आज काढली. हरकत दिली नव्हती. सोमवारी सकाळी दोघं न्यायालयात जातो, तिथून बँकेत अर्ज आणि पोच. सासूबाईंनाही आज सांगितलं. त्या म्हणाल्या, माझ्या पाटल्या आहेत, केळीवाल्यांचे आधी देऊन टाका.