जुन्या पीसीचा मदरबोर्ड कोणता ते कसं ओळखायचं? (अंबड, बजेट १५००)

अंबड_व्हीएमसी :
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं मशीनिंगचं छोटं वर्कशॉप आहे. व्हीएमसीला (प्रोग्रॅमवर चालणारं मिलिंग मशीन) प्रोग्रॅम पाठवायला २०११ चा एक असेंबल्ड पीसी ठेवलाय, कॉम (सीरियल) पोर्टवरून आरएस-२३२ केबलने जोडलेला. गेल्या आठवड्यात कॅबिनेटमध्ये उंदीर शिरला आणि कॉम पोर्टच्या पट्टीची (मागचा कनेक्टर बोर्डावरच्या पिनांना जोडणारी) वायर कुरतडून गेला. हार्डडिस्क आधीच आवाज करत होती, तीही बदलून विंडोज ७ नव्याने टाकलं.

आता लॅनचा ड्रायव्हर सापडत नाही. कॅनडा कॉर्नरवरून कॉम पोर्टची नवी पट्टी आणली, ती लावली तर मशीनवर एक अक्षरही पोचत नाही. दुकानदार म्हणतो, बोर्डाचं मॅन्युअल आणा मग बघू. आणि मला बोर्डच माहीत नाही! असेंबल करून देणारा नाशिक सोडून गेला, बिल सापडत नाही. सिस्टीम इन्फर्मेशन उघडलं तर 'सिस्टीम मॅन्युफॅक्चरर' या ओळीसमोर पुन्हा 'सिस्टीम मॅन्युफॅक्चरर' असंच लिहून येतं.

ओळखायची खात्रीची पद्धत सांगा, किंवा नाशकात १५०० च्या आत हे करून देणारं कोणी असेल तर सांगा. नवा पीसी नको. आमचं सॉफ्टवेअर विंडोज ७ वरच नीट चालतं.

गंगापूररोडकर :
भाऊ, २०११ चा पीसी म्हणजे आता भंगारच. मी दिवाळीत मुलासाठी नवीन आय५ असेंबल केला, एसएसडी, १६ जीबी रॅम, ५२ हजारात. बटण दाबलं की दहा सेकंदात सुरू. अशा जुन्या बोर्डावर पंधराशे घालवूच नका, त्यात थोडी भर घाला.

अंबड_व्हीएमसी :
दादा, थोडी भर म्हणजे पन्नास हजार होतात ना. मशीनचे हप्ते अजून चालू आहेत.

सातपूर_शिफ्ट२ :
सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात मेनबोर्ड टॅबवर कंपनी आणि मॉडेल दोन्ही येतं. मी कायम तेच वापरतो. दुसऱ्या पीसीवर डाउनलोड करून पेनड्राइव्हने न्या.

जुने_सिडको :
बोर्डावरच छापलेलं असतं, कॅबिनेट उघडा. माझ्या बोर्डावर ९४व्ही-० असं मॉडेल होतं. त्या नावाने ड्रायव्हर शोधण्यात माझा अख्खा रविवार गेला. एक साइट सगळे ड्रायव्हर देतो म्हणाली, त्यातून पीसीत भलतंच काहीतरी घुसलं. तेव्हापासून मी कुठल्याच साइटवर विश्वास ठेवत नाही.

आयटीआय_इलेक्ट्रॉनिक्स :
जुने सिडको, ९४व्ही-० हे मॉडेल नाही. पीसीबीचं, म्हणजे बोर्डाच्या पाटीचं, मटेरियल पेट घेतल्यावर किती लवकर विझतं, त्याची ती यूएल या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेची श्रेणी आहे. जवळपास प्रत्येक बोर्डावर ती छापलेली असते. शेजारी ई आणि पुढे पाच-सहा आकडे असले तर तोही यूएलचाच फाइल नंबर. ज्या कारखान्याने नुसती पाटी बनवली त्याचा तो नंबर असतो, ज्या कंपनीने बोर्ड विकला तिचा नव्हे. माझे विद्यार्थी दर वर्षी हेच दोन नंबर वहीत उतरवून आणतात.

मॉडेल सहसा मोठ्या अक्षरात असतं, स्लॉटांच्या मधल्या मोकळ्या जागेत किंवा रॅमजवळ. धूळ झाडून, टॉर्च तिरका धरून बघा.

जुने_सिडको :
असेल. पण माझ्या बोर्डावर दुसरं काहीच छापलेलं नव्हतं.

नोटप्रेस_कॉलनी :
मी उघडून बघितलं होतं, चिपवर चक्क इंटेल लिहिलेलं. म्हणजे बोर्ड इंटेलचा. सोपं आहे.

दुरुस्ती_द्वारका :
नाही साहेब. ती चिप इंटेलची, बोर्ड कोणाचाही असू शकतो. जी४१, एच६१ ही चिपसेटची, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपची नावं आहेत. तोच जी४१ घेऊन आसुसने, गिगाबाइटने, एमएसआयने, कितीतरी जणांनी बोर्ड काढले. इंटेलचे स्वतःचेही बोर्ड होते, पण डेस्कटॉप बोर्ड बंद करत असल्याचं त्यांनी जानेवारी २०१३ मध्ये जाहीर केलं. गिऱ्हाईक रोज येतं, "एच६१ चा ड्रायव्हर द्या". अहो, कुणाच्या एच६१ चा?

आणि मॉडेलबरोबर रिव्हिजनही वाचा, ते बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक छापलेलं असतं. एका बोर्डाला मी दुसऱ्या रिव्हिजनचं बायोस (पीसी सुरू करणारं, बोर्डावरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) टाकलं होतं. तो पुन्हा उठलाच नाही, चिप काढून प्रोग्रॅमर यंत्रावर लिहावी लागली.

पंचवटी_पासधारक :
नाशकात कशाला शोधताय? सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडा आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा. माझा बोर्ड हातात घेऊन एकाने पाच सेकंदांत नाव सांगितलं. नाशकात असे लोकच नाहीत.

दुरुस्ती_द्वारका :
नाशकात लोक नाहीत म्हणे! मी अठरा वर्षं हेच काम करतोय.

सातपूर_शिफ्ट२ :
सीपीयू-झेड टाका, पुन्हा सांगतो.

इंदिरानगर_९ :
सुरू होताना पॉजची कळ दाबा. पहिल्या स्क्रीनवर कंपनी आणि मॉडेल दिसतं.

अंबड_व्हीएमसी :
दाबून बघितलं. मॉनिटर जुना आहे, तो उजळेपर्यंत विंडोजचा लोगो आलेला असतो. कॅबिनेटही उघडलं, पण आत कटिंग ऑइल आणि धुळीचा काळा थर बसलाय. कापडाने पुसायची हिंमत होत नाही.

आयटीआय_इलेक्ट्रॉनिक्स :
कापड नको. ब्लोअर आणि मऊ ब्रश, तोही वायर काढून. पण त्याआधी काही न उघडता जमतंय का बघू.

'सिस्टीम मॅन्युफॅक्चरर'समोर तेच शब्द पुन्हा येतात हा चांगला धागा आहे. सुट्या विकलेल्या बोर्डात ही जागा पीसी बनवणाऱ्याने भरायची असते आणि असेंबल करणारा ती तशीच सोडतो. बऱ्याच बोर्डांत तिथे 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' असं येतं. 'सिस्टीम मॅन्युफॅक्चरर' आणि खाली 'सिस्टीम प्रॉडक्ट नेम' ही जोडी आसुसच्या बोर्डांत हमखास दिसते.

बोर्डाचं नाव बायोसमध्ये वेगळ्या जागी असतं. विंडोज १० च्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये बेसबोर्डच्या ओळी दिसतात, ७ मध्ये त्या नाहीत. म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून टाइप करा : डब्ल्यूएमआयसी बेसबोर्ड गेट मॅन्युफॅक्चरर, प्रॉडक्ट, व्हर्जन. अर्थात इंग्रजीत, आणि स्वल्पविरामानंतर जागा न सोडता.

नोटप्रेस_कॉलनी :
माझ्याकडे ही कमांड चालत नाही. चुकीची माहिती देऊ नका.

आयटीआय_इलेक्ट्रॉनिक्स :
तुमच्याकडे विंडोज ११ असणार. त्याच्या २४एच२ आवृत्तीपासून ती आपोआप येत नाही. पॉवरशेलमध्ये गेट-सिमइन्स्टन्स विन३२_बेसबोर्ड चालवा. विचारणाऱ्यांकडे ७ आहे, तिथे चालेल.

दुरुस्ती_द्वारका :
आयटीआयच्या मॅडमचं बरोबर. पडताळायचं असेल तर माझी पद्धत घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेचा इथरनेट कंट्रोलर आहे ना, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी. त्यात 'व्हेन'पुढचे चार आकडे चिप कोणाची ते सांगतात, ८०८६ इंटेल, १०ईसी रिअलटेक. 'सबसिस'पुढे आठ आकडे असतात, त्यातले शेवटचे चार बघा. ते बहुतेक वेळा बोर्डवाल्याचे असतात : १०४३ आसुस, १४५८ गिगाबाइट, १४६२ एमएसआय, १८४९ एएसरॉक. बायोसमध्ये काही नसलं तरी यावरून कंपनी कळते. 'व्हेन' आणि 'डेव्ह'चे आकडे शोधले तर लॅनचा ड्रायव्हरही मिळतो.

गंगापूररोडकर :
एवढ्या उचापती करण्यापेक्षा यूएसबीचा सीरियल कन्व्हर्टर घ्या. कॉम पोर्ट आता कोण वापरतं?

सातपूर_शिफ्ट२ :
मशीनवाले वापरतात. आमच्या शॉपमध्ये स्वस्तातला कन्व्हर्टर लावला होता, मोठा प्रोग्रॅम जाताना मध्येच तुटायचा. एक जॉब वाया गेला, टूल गेलं ते वेगळंच. बोर्डावरचा पोर्ट आहे तर तोच वापरा.

अंबड_व्हीएमसी :
मिळालं! कमांडने उत्तर दिलं : आसुसटेक, पी५जी४१टी-एम एलएक्स. 'सबसिस'चे शेवटचे आकडेही १०४३. मग ब्रशने मधली जागा साफ केली, तर तेच नाव पांढऱ्या अक्षरात समोर. चौदा वर्षं त्या डब्याशेजारी बसतोय आणि आज पहिल्यांदा वाचलं. मॅडम, द्वारकावाले भाऊ, मनापासून आभार. कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल मोबाइलवर उतरवलंय. पण पट्टी का चालत नाही ते अजून कळलं नाही.

आयटीआय_इलेक्ट्रॉनिक्स :
मॅन्युअलमध्ये कॉम१ चं चित्र बघा. त्या दहाच्या जागेत नऊच पिना असतात. पट्ट्या दोन जातीच्या मिळतात. एकीत बोर्डाकडची पाचवी पिन बाहेरच्या डी-कनेक्टरच्या पाचव्या पिनेला जाते. दुसरीत सरळ फ्लॅट केबल दाबलेली असते, तिथे बोर्डाकडची पाचवी बाहेर तिसरीला आणि नववी बाहेर पाचवीला निघते. बाहेरची पाचवी ग्राउंड, तिसरी डेटा पाठवायची. जात चुकली की ग्राउंडच भलतीकडे जातं. पट्टी बोर्डावरून काढा, मल्टीमीटर बीपवर लावा आणि पाच ते पाच वाजतंय का बघा.

जुने_सिडको :
बायोसचा सेलपण बदला. सीआर२०३२.

दुरुस्ती_द्वारका :
ती पट्टी परत करा आणि दुसऱ्या जातीची मागा. लॅनचा ड्रायव्हर मी पेनड्राइव्हवर देतो, इथे नाशकात द्वारकेला या. पैसे नकोत.

अंबड_व्हीएमसी :
शेवटचं कळवतो. पाच ते पाच बीप आला नाही, बोर्डाकडची पाचवी बाहेर तिसरीवर वाजली. म्हणजे मॅडम म्हणाल्या तीच दुसरी जात. परत करायला गेलो नाही. डी-कनेक्टरच्या बाजूने नऊही वायरी सोडवल्या, मॅन्युअलचं चित्र समोर ठेवून क्रमाने पुन्हा डाग दिले, प्रत्येक जोडावर स्लीव्ह चढवली. आज सकाळी सहाशे ओळींचा प्रोग्रॅम न अडखळता गेला.

लॅनचा ड्रायव्हर मात्र टाकत नाही. भाऊ द्यायला तयार आहेत हे कळतंय, पण विंडोज ७ ला जानेवारी २०२० नंतर सुरक्षेचे अपडेट नाहीत, आणि या पीसीवर माझे सगळ्या पार्टींचे प्रोग्रॅम आहेत. त्याला नेटच देणार नाही, फाइल पेनड्राइव्हने नेईन. भाऊ, ड्रायव्हरसाठी नाही, पण चहाला द्वारकेला नक्की येतो.

पट्टीचे १८० आणि सोल्डर वायरचे ९० सोडून काही खर्च झाला नाही. उरलेल्यात कॅबिनेटच्या मागच्या भोकाला जाळी बसवतोय.

सातपूर_शिफ्ट२ :
जाळी तारेची घ्या, प्लॅस्टिकची उंदीर खातात. आमची खाल्ली.