इतिहास आला म्हणून कविता घोषणा होत नाही

कवितेत इतिहास आला की ती नुसती घोषणा होऊन बसते, असं एक मत आहे; मला ते अजिबात पटत नाही. अमेरिकन कवयित्री नताशा ट्रेथवे यांची ‘नेटिव्ह गार्ड’ ही कविता (त्याच नावाचा संग्रह, २००६) वाचाच. अमेरिकन यादवी युद्धात मिसिसिपीच्या शिप आयलंडवर ‘नेटिव्ह गार्ड’ या पलटणीतले कृष्णवर्णीय सैनिक दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या, युद्धकैद्यांवर पहारा देत होते. पुढे तिथे नामफलक लागला तो कैद्यांचा, पहारेकऱ्यांचा नाहीच! कवितेतला पहारेकरी पूर्वाश्रमीचा गुलाम. निरक्षर कैद्यांची पत्रं तोच लिहून देतो. स्वतःची रोजनिशी मात्र गोऱ्याच्या घरातून आणलेल्या वहीत, जुन्या ओळींवर आडव्या ओळी घालत लिहितो. यात घोषणा कुठे आहे? ट्रेथवे १९६६ साली जन्मल्या तेव्हा त्यांच्या आईवडिलांचा आंतरवंशीय विवाहही मिसिसिपीत बेकायदा होता. हा इतिहास त्यांच्या घरातलाच आहे.